नोकरी गेली, आता पणजी नीट बघायचीय, सुरुवात कुठून करू?

ताळगावकर:
सहा वर्षं पाटोतल्या एका ऑफिसात होतो, गेल्या महिन्यात आमचं अख्खं डिपार्टमेंटच बंद केलं. अर्ज पाठवणं चालू आहे पण दिवसभर घरात बसलं की आईची घालमेल बघवत नाही, म्हणून सकाळचे दोन-तीन तास बाहेर पडायचं ठरवलंय. जन्म इथलाच, तरी पणजी म्हणजे मला कदंब स्टँड, मार्केट आणि मिरामार, बस. खर्च न करता काय बघू? आणि ओळखीचं कोणी भेटून विचारलं तर काय सांगता?

मळ्यातली:
फोंतेन्याची रंगीत घरं सगळेच बघतात, फोटोवाले यायच्या आत सातला जा आणि तिथून पुढे आमच्या मळा वाड्यात या. मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढा, वरून खाली मळ्याची कौलं बघत बसा, कोणी उठवत नाही.

बेतीकर:
फेरीबोट पकडा हो! चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. रायबंदरचा तो लांबलचक जुना पूल, 1633-34 साली बांधलेला, त्यावरून बसने कितीदा गेला असाल, आता रायबंदरला उतरून फेरीने चोडणला जा. धक्क्याजवळच सलीम अली पक्षी अभयारण्य, तिथे थोडी एंट्री फी आहे पण वसूल होते. ओहोटीला जा, चिखल उघडा पडला की पक्षी खायला उतरतात, खंड्या तर अगदी जवळून दिसतो, भरतीला नुसती खारफुटी बघून परत याल.

अण्णा_म्हापसा:
आधी एक काम, पाच वर्षांच्या वर नोकरी झालीय म्हणजे ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची आहे, 30 दिवसांत द्यायला हवी, लेखी मागा. मग फिरा निवांत. पाटोचं मध्यवर्ती ग्रंथालय सोडू नका, 1832 सालची संस्था आहे, मराठी पेपर वाचा, तिथेच बसून अर्ज भरा. जुन्या ऑफिसच्या रस्त्याला पाय वळत नाहीत हे कळतं मला, माझंही तसंच झालेलं, तरी जा. आणि कोणी विचारलं तर सरळ सांगा नोकरी गेली म्हणून, नाहीतर कुणाच्या माहितीत जागा असली तरी तो तुम्हाला कळवणार कसा?

ताळगावकर:
अण्णा, ग्रॅच्युइटीचा मेल आत्ताच टाकला, खूप आभार. बेतीकर, चोडणला आईलाही न्यावं म्हणतोय, तिचे गुडघे दुखतात, चढ आहे का?

बेतीकर:
अजिबात नाही, वाट सपाट आहे, न्या की. डासांचं मलम मात्र विसरू नका.