एकही खिळा नाही?
अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत टॅबरनॅकल हे मॉर्मन पंथाचं मोठं सभागृह आहे. त्याच्या छतात एकही खिळा नाही असं म्हणतात, पण ते लाकडी कमानींपुरतंच घ्यावं. 1867 साली तिथे सभा भरू लागल्या, पण शहरात रेल्वे पोचली 1870 मध्ये. तोवर लोखंड गाड्यांवर लादून यायचं, म्हणून पूल बांधणाऱ्या हेन्री ग्रोने फळ्यांची जाळी लाकडी खुंट्यांनी जोडली. खुंटीचं टोक चिरून त्यात पाचर ठोकली की ती भोकात घट्ट बसते. लाकूड तडकलं तिथे ओलं कच्चं चामडं गुंडाळलं. वाळताना ते आकसतं आणि भेग आवळून धरतं. केवढी सुंदर युक्ती! सुमारे 150 फुटांचा गाळा मधल्या खांबांशिवाय उभा राहिला तो असा.

तिथे आवाज छान ऐकू येतो, पण त्याचं सगळं श्रेय घुमटासारख्या छताला नको. आधी आवाज फार घुमायचा. 1870 मध्ये सज्जा बसवला, तेव्हा कुठे बोलणं नीट ऐकू येऊ लागलं.