मदत हवी आहे: जादा कमाई आधी कुठे घालू?

नमस्कार मंडळी. क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि एक पर्सनल लोन, दोन्ही एकदम फेडतोय. कार्डाची नुसती किमान रक्कम भरली तर बरीचशी व्याजातच जाते, मुद्दल जागचं हलत नाही. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही लगेच व्याज चढतं, म्हणून कार्ड वापरणं बंद केलंय. खर्च रोज वहीत लिहितो. आणखी काटकसर केली तर मुलांच्या गरजांना कात्री लागेल, ते नकोय.

नोकरीनंतर संध्याकाळी शिकवण्या घ्यायचा विचार आहे. ते पैसे सगळे कार्डावर भरू, की थोडे अडीअडचणीला बाजूला ठेवू? व्याजाचा हिशोब कार्डाकडेच बोट दाखवतो, पण घरात आजारपण आलं तर पुन्हा कार्डच काढावं लागेल, ही धास्ती आहे. यातून बाहेर पडलेल्यांनी प्लीज सांगा, तुम्ही किती बाजूला ठेवत होता?