सरबतानंतर दातांत कळ

मुलांना घेऊन संध्याकाळी शिवाजी पार्कात धावता, परतताना गार लिंबू सरबत प्यायलं की सगळ्यांच्याच दातांत कळ जाते, मग पेस्ट बदलू का, असं विचारलंत. धावणं अजिबात सोडू नका. 5 ते 17 वयात रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल हवीच. बदला ते सरबत, तहानेला साधं पाणी उत्तम.

दातावरचं कडक कवच, म्हणजे इनॅमल, झिजलं किंवा हिरडी मागे सरली की आतला डेंटिन नावाचा थर उघडा पडतो. त्यातल्या सूक्ष्म नळ्यांमधला द्रव गार लागताच हलतो आणि नस कळवळते. आंबटाने इनॅमल काही वेळ मऊ होतं, म्हणून लगेच ब्रश नको. चूळ भरा, अर्ध्या तासाने मऊ ब्रशने हलक्या हाताने घासा. (घरात कुणी मिश्री लावत असेल तर ती कृपा करून बंद करा, तंबाखूच आहे ती.)

आता पेस्टचं. कळ कमी करणारी पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट मोठ्यांना उपयोगी पडते, पण काही आठवडे नेमाने वापरली तरच. लहानांना डॉक्टरांना विचारून द्या. एकाच दातात कळ येत असेल किंवा ठणका रेंगाळत असेल तर कीड असू शकते. मुंबई सेंट्रलच्या नायर दंत रुग्णालयात दाखवून घ्या.