मदत हवी आहे: २८ अक्षरी इंग्रजी शब्दाला आटोपशीर मराठी अर्थ

आठवी-नववीच्या मुलांसाठी लांबलचक इंग्रजी शब्दांची कार्डं करतेय. समोर शब्द, मागे मराठी अर्थ. मागच्या बाजूला फार तर दोन ओळी मावतात.

२९ अक्षरी 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' चुटकीसरशी सुटला. त्यातल्या लॅटिन तुकड्यांचे अर्थ लोकरीचा पुंजका, क्षुल्लक गोष्ट, काहीच नाही आणि केस. म्हणजे आपलं 'कस्पटासमान लेखणं'! याहून चपखल काय हवं?

गाडी अडलीय ती 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम'वर. अर्थ माहीत आहे: चर्च ऑफ इंग्लंडचं अधिकृत राजमान्य स्थान काढून घ्यायला विरोध. एकोणिसाव्या शतकातला वाद. आयर्लंडमधल्या चर्चचं असं स्थान १८६९च्या कायद्याने गेलं, अंमल १८७१पासून.

'प्रस्थापितविरोधाला विरोध' लिहून पाहिलं, तर भाचा म्हणाला, "म्हणजे सरकारच्या बाजूने?" बाद. 'धर्मनिरपेक्षतेला विरोध' म्हणावं तर अर्थच बदलतो, कारण इथे मुद्दा एका ठरावीक चर्चच्या दर्जाचा आहे. 'चर्चची राजमान्यता काढण्यास विरोध' हे बरोबर आहे, पण ते स्पष्टीकरण झालं, शब्द नव्हे. शब्दकोशात आणि भाषांतराच्या ॲपवर शोधून झालंय, त्यामुळे कृपया तिकडे पाठवू नका. संस्कृतप्रचुर जोडशब्द चालेल, फक्त मुलांना एका दमात म्हणता यायला हवा.

डिसएस्टॅब्लिशमेंटला इतिहासाच्या किंवा राज्यशास्त्राच्या मराठी पुस्तकांत कुठला रूढ शब्द वाचलाय का कुणी? तो मिळाला की पुढे 'विरोध' मी जोडते. नसेलच, तर 'राजमान्यता' बरं की 'राजाश्रय'?