आग लागली तर लपायचं नाही, हे चार वर्षांच्या मुलाला कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात नवव्या मजल्यावर राहतो. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. दुपारी घरी सासूबाई आणि ही दोघं. मध्यंतरी शेजारच्या इमारतीत मीटर रूमला आग लागली. कुणाला इजा झाली नाही, पण तेव्हापासून मोठा आवाज झाला की मुलगा पलंगाखाली जाऊन बसतो आणि हाका मारल्या तरी ओ देत नाही. मला धास्ती याचीच आहे. खरोखर धूर झाला तर तो सापडणार कसा?

मुलीला बरंच जमतं. 101 आणि 112 पाठ आहेत, पत्ता विंग आणि मजल्यासकट सांगते. लिफ्ट नाही, दार गरम लागलं तर उघडायचं नाही, जिन्यात धूर असेल तर घरातच थांबून दाराच्या फटीत ओला टॉवेल आणि बाल्कनीतून ओढणी हलवायची, हेही कळतं. फक्त एका ठिकाणी गोंधळली. धूर वर चढतो म्हणून रांगत जायचं, पण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. म्हणून गॅसचा वास आला तर रांगायचं नाही, कुठलंच बटण दाबायचं नाही, आजीला सांगून चालत बाहेर पडायचं. आजीने रेग्युलेटर बंद करायचा आणि 1906 ला (गॅसगळतीची हेल्पलाइन) फोन बाहेर जाऊन करायचा. हे दोन नियम वेगवेगळ्या दिवशी शिकवले, तेव्हा नीट बसले.

मुलाचं मात्र अडलंय. खेळ म्हणून सराव घेतला तर त्याला लपाछपीच वाटते. गंभीरपणे सांगितलं तर रात्री झोपत नाही. मास्क घातलेला अग्निशमन दलाचा जवान पाहून तो आणखी आत सरकेल असंही वाटतं. 1944 च्या मुंबई गोदी स्फोटाच्या स्मरणार्थ 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो. त्या वेळी केंद्रावर एवढ्या लहान मुलांना मास्क घातलेला माणूस जवळून दाखवतात का? कुणी नेलं असेल तर मूल बिचकलं की सावरलं, तेही सांगा.

आणखी एक. बेडरूमच्या ग्रिलला उघडणारी खिडकी आहे, पण कुलूप लावलेली. मुलगा चढेल म्हणून किल्ली वर ठेवतो, तिथे सासूबाईंचा हात पोचत नाही. अंधारातही त्यांना सापडेल पण मुलाला मिळणार नाही, अशी किल्ली तुम्ही कुठे ठेवता?