४१ जणांचा विद्यार्थी गट, युरोप १३ दिवस: कोच कुठे आणि ट्रेन कुठे?

पारिजात७

कॉलेजच्या ३६ मुलामुलींचा गट आणि सोबत ५ शिक्षक, असे ४१ जण मेच्या उत्तरार्धात युरोपला जाणार आहोत. मुलांची वयं १७ ते २०. कच्चा आराखडा असा: ॲमस्टरडॅम २ रात्री, वाटेत ब्रुसेल्स बघून पॅरिस ३ रात्री, लुझर्न २, व्हेनिससाठी मेस्त्रेला १, फ्लोरेन्स २, रोम २, आणि रोमहून परतीचं विमान.

एका टूरवाल्यांनी १३ दिवस एकच ४९ आसनी कोच असा प्रस्ताव दिला आहे. पालकांनाही तो बरा वाटतो, सामान एकदा ठेवलं की ठेवलं. दुसरीकडे काही शिक्षकांचं म्हणणं की युरोपात जाऊन ट्रेनने न फिरणं म्हणजे अर्धा युरोप न बघणं. दोन्हीचा मेळ कसा घालावा? एवढ्या मोठ्या गटाचं नेमकं कुठे बिनसतं, हे आधी कळलं तर फार उपयोग होईल.

घाटवाट

कोचचा विचार करताना किलोमीटर नंतर बघा, आधी ड्रायव्हरचं घड्याळ बघा. युरोपियन युनियनचे नियम कडक आहेत आणि टॅकोग्राफवर, म्हणजे कोचमधल्या नोंदयंत्रावर, मिनिटामिनिटाची नोंद होते. दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून फक्त दोनदा १० तास. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची. २०२४ च्या बदलानंतर पर्यटक कोचना ही ४५ मिनिटं दोन भागांत घेता येतात, पण कुठलाही भाग १५ मिनिटांहून कमी चालत नाही. दोन दिवसांच्या मध्ये ११ तास सलग विश्रांती. ती ९ तासांवर आणता येते, पण दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये तीनदाच.

गटांचं वेळापत्रक कोलमडतं ते बहुतेक या शेवटच्या नियमावर. समजा पॅरिसची रोषणाई कोचने बघून रात्री ११ ला हॉटेलवर उतरलात. ड्रायव्हरची विश्रांती तेव्हा सुरू होत नाही. तो कोच पार्किंगला लावून मोकळा होतो तेव्हा होते, म्हणजे साडेअकरा. तिथून ११ तास म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा. आणि पत्रकात तर ‘सकाळी ७.३० ला प्रस्थान’ छापलेलं असतं. मग मुलं लॉबीत बॅगा घेऊन बसतात आणि राग ड्रायव्हरवर निघतो, ज्याचा यात काडीचा दोष नसतो. रात्रीचा फेरफटका मेट्रोने किंवा पायी ठेवा, कोच संध्याकाळी ७ ला मोकळा करा.

आता तुमचा आराखडा. पॅरिस ते लुझर्न सुमारे ६०० किमी. कोचला वेगमर्यादा १०० ची असते, पण शहरातून बाहेर पडणं, टोलनाके आणि सीमा धरली तर सरासरी ७० च्या वर धरू नका. म्हणजे साडेआठ तास चाकं फिरणार, त्यावर सक्तीची विश्रांती, जेवण, स्वच्छतागृहांचे थांबे. सकाळी ८ ला निघून सातच्या आत पोचलात तरी नशीब. वाटेत तासभर कोंडी झाली की ९ ची मर्यादा ओलांडली. हा टप्पा ट्रेनने करा, त्याबद्दल ट्रेनवाले सांगतीलच.

उलट ॲमस्टरडॅम–ब्रुसेल्स–पॅरिस हा दिवस कोचसाठीच आहे. २१० अधिक ३१० किमी, सगळं मिळून साडेसात तास ड्रायव्हिंग. सकाळी ७.३० ला निघालात तर साडेदहाला ब्रुसेल्स, दुपारी २ ला तिथून निघायचं, साडेसहा-सातला पॅरिस. मुलं ग्राँ-प्लास हा ब्रुसेल्सचा मुख्य चौक बघत असताना ड्रायव्हर खरोखर मोकळा असेल तर त्याची ४५ मिनिटं तिथेच वसूल होतात, रस्त्यात वेगळं थांबायला नको. आणि सगळं सामान कोचच्या पोटात कुलूपबंद. हाच दिवस ट्रेनने केला तर ४१ मोठ्या बॅगा ब्रुसेल्स स्टेशनच्या लॉकरमध्ये कोंबायच्या, आणि एका वेळी तेवढे लॉकर रिकामे मिळतीलच असं नाही.

एकच कोच १३ दिवस, या प्रस्तावात आणखी दोन गोष्टी विचारा. एक, ड्रायव्हरला एरवी सहा दिवसांनंतर साप्ताहिक सुट्टी द्यावी लागते. सहलीच्या कोचला ती १२ सलग दिवसांपर्यंत पुढे ढकलायची सवलत आहे, तीही अटींसह. तुमचे दिवस १३. मग दुसरा ड्रायव्हर कुठे येणार, त्याचं भाडं आणि खोली कुणाच्या खिशातून? दोन, रोमला तुम्ही उतरल्यावर कोच रिकामा परत जाणार, त्या रिकाम्या फेरीचे पैसे कोटेशनमध्ये धरलेत का? सुरुवात आणि शेवट वेगळ्या शहरांत असला की कोच महाग पडतो तो इथे. शिवाय पॅरिस, फ्लोरेन्स, रोममध्ये तुम्ही पायी फिरत असता तेव्हा तो नुसता उभा राहून भाडं खातो, आणि इटलीतल्या या मोठ्या शहरांत पर्यटक कोचला शिरायचा परवाना वेगळा काढावा लागतो.

ॲमस्टरडॅमबद्दल एक: जानेवारी २०२४ पासून साडेसात टनांवरचे कोच एस-१०० या आतल्या रिंगरोडच्या आत जाऊ शकत नाहीत. हॉटेल कालव्याकाठी घेतलंत तर कोच दारात येणार नाही. रिंगच्या बाहेर, मेट्रो स्टेशनच्या जवळ घ्या.

फलाट

घाटवाट यांच्याशी पूर्ण सहमत. पॅरिसपर्यंत कोच, पॅरिस ते रोम ट्रेन, हाच तुमचा मेळ.

पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनवरून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला टीजीव्ही लिरिया ही वेगवान गाडी साधारण तीन तासांत जाते, तिथून लुझर्न सुमारे एक तास. दुपारच्या जेवणाला लुझर्न. लुझर्न–मिलान गॉटहार्डच्या ५७ किमी लांबीच्या बोगद्यातून सव्वातीन तास, मिलान–मेस्त्रे अडीच तासांच्या आत, मेस्त्रे–फ्लोरेन्स सुमारे दोन तास, फ्लोरेन्स–रोम दीड.

तिकिटं १० किंवा जास्त जणांसाठीच्या गटदरात काढा. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली तिन्हीकडे ते आहेत. अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा युरेल पास २७ वर्षांपर्यंत सवलतीत मिळतो खरा, पण एवढ्या कमी टप्प्यांसाठी मी घेणार नाही. टीजीव्ही आणि इटलीची वेगवान फ्रेचारोसा यांत पास असला तरी आसनासाठी वेगळे पैसे भरून आरक्षण लागतं. त्यात लिरियावर पासधारकांचा कोटा मर्यादित, ४१ जागा एका गाडीत मिळणं अवघड.

मिलानला गाडी बदलताना किमान एक तास ठेवा. स्वित्झर्लंडहून येणारी गाडी उशिरा पोचणं ही नेहमीची बाब आहे आणि पुढचं गटतिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर मिळाले तर उत्तम, कारण मग चुकलेल्या गाडीची जबाबदारी रेल्वेवर येते. वेगवेगळी तिकिटं असली तर तुमच्यावर.

आता फलाटावरचं. मधल्या स्टेशनवर गाडी दोन-तीन मिनिटं थांबते आणि टीजीव्हीचे दरवाजे सुटायच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. ४१ जण एकाच दारातून चढायला लागले तर शेवटचे दहा खाली राहतात. म्हणून चार तुकड्या, प्रत्येकी ९ मुलं आणि एक शिक्षक. पाचवे शिक्षक फलाटावर सगळ्यांत शेवटी. प्रत्येक तुकडीला वेगळं दार. आधी दोन दणकट मुलं रिकाम्या हाताने वर चढतात, खालचे बॅगा देतात, वरचे त्या आत सरकवतात, मग बाकीचे चढतात. बॅगा दाराजवळच्या रॅकवर ठेवायला आत्ता थांबायचं नाही, गाडी सुटल्यावर ते करा. दारात उभं राहून बॅग लावणारा एक जण मागच्या सगळ्यांना अडवतो.

डबा कुठे येणार हे फलाटावरच्या अक्षरांवरून कळतं, ए, बी, सी असे भाग केलेले असतात. फलकावर ‘डबा १४, भाग डी’ असं दिसलं की तिथेच जाऊन उभं राहायचं. यात एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: टीजीव्ही, फ्रेचारोसा, जर्मनीची आयसीई या गाड्या कधीकधी दोन गाड्या नाकाला नाक जोडून धावतात. आतून एकीतून दुसरीत जायला वाट नसते. घाईत चुकीच्या अर्ध्यात चढलात तर पुढच्या स्टेशनवर उतरून पळावं लागतं, आणि काही ठिकाणी ते दोन अर्धे वाटेत सुटून वेगवेगळ्या शहरांना जातात.

बॅग प्रत्येकी एकच, चाकांची, स्वतःला तीन पायऱ्या उचलून चढवता येईल एवढी. २३ किलोची परवानगी विमानात असते म्हणून २३ किलो भरू नका. बॅगेवर नावाची पट्टी हवीच, फ्रान्सच्या गाड्यांत ती सक्तीची आहे.

पारिजात७

दोघांचेही मनापासून आभार, हे कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. मग पॅरिसपर्यंत कोच आणि पुढे ट्रेन असंच ठरवतो. दोन शंका: पहिलं शहर ॲमस्टरडॅम आहे तर व्हिसा नेदरलँड्सकडेच मागायचा ना? आणि मेट्रोत किंवा स्टेशनवर एखादा मुलगा मागे राहिला तर काय पद्धत ठेवावी?

ऋतुगंध

व्हिसा नेदरलँड्सकडे नाही, इटलीकडे. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या सामाईक व्हिसाचा, नियम असा की जिथे सर्वांत जास्त मुक्काम त्या देशाकडे अर्ज. तुमच्या ५ रात्री इटलीत, ३ फ्रान्समध्ये, २-२ बाकी दोन्हीकडे. पहिला प्रवेश कुठे, हे फक्त मुक्काम सारखे असतील तेव्हा बघतात. चुकीच्या वकिलातीत ४१ अर्ज गेले तर ४१ अर्ज परत. अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो, शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट तीन महिने तरी वैध हवा. १८ खालच्या मुलांसाठी दोन्ही पालकांचं संमतिपत्र, आणि त्याची एक प्रत प्रवासातही सोबत ठेवा.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन प्रवेशाची नोंद करायची नवी पद्धत सुरू झाली आहे. गटाला वेळ लागतो. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर उतरल्या दिवशी वेळेला बांधलेलं एकही तिकीट काढू नका.

तिकिटांच्या खिडक्यांचे वार आत्ताच आराखड्यावर लिहून टाका. लूव्र मंगळवारी बंद, व्हर्साय राजवाडा आणि फ्लोरेन्सचं उफिझी संग्रहालय सोमवारी, व्हॅटिकन म्युझियम महिन्याचा शेवटचा सोडून प्रत्येक रविवारी. कोलोसियमची तिकिटं नावानिशी असतात आणि दारात ओळखपत्र बघतात, तेव्हा नावं पासपोर्टावर आहेत तशीच लिहा, आयत्या वेळी एखाद्याऐवजी दुसरा जाऊ शकत नाही. ॲन फ्रँक हाउसची तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची सुटतात आणि पटकन संपतात. व्हॅटिकनला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि मेअखेरीच्या उन्हात मुलं हाफ पँटवर निघतात, तेव्हा आदल्या रात्रीच बजावा.

व्हेनिसमध्ये २०२४ पासून मार्गदर्शकासोबतच्या गटाला २५ जणांची मर्यादा आहे आणि लाउडस्पीकरला बंदी. ४१ म्हणजे दोन गट, दोन मार्गदर्शक, हा खर्च धरा. ठरावीक दिवशी दिवसभराच्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. मेस्त्रेला मुक्काम असला की ते माफ, पण माफीचा क्यूआर कोड आधी काढावा लागतो. बॅगा मेस्त्रेच्या हॉटेलातच ठेवा, व्हेनिसला लोकल गाडीने दहा-बारा मिनिटांत जा आणि संध्याकाळी फ्लोरेन्सची गाडी मेस्त्रेहूनच पकडा. लोकलचं कागदी तिकीट फलाटाजवळच्या यंत्रात छापून घ्यायचं असतं. तिकीट खिशात असून तो शिक्का नसला तर दंड होतो.

हॉटेलांचा शहरकर बहुधा कोटेशनमध्ये नसतो, तिथे पोचल्यावर माणशी मागतात. तेवढी रक्कम बाजूला ठेवा.

फलाट

मागे राहिलेल्यासाठी नियम एकच ठेवा आणि निघण्याआधी मुलांकडून पाठ करून घ्या. मागे राहिलेल्याने आहे त्याच फलाटावर, जागचं हलायचं नाही, दुसरी गाडी पकडायची नाही. त्याच्या तुकडीचे शिक्षक पुढच्या स्टेशनवर उतरून परत येतात, तुकडी दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकांकडे जाते आणि पुढे निघते. दोघांनी एकमेकांना शोधायला लागणं हा सगळ्यात मोठा घोळ, म्हणून एकाने स्थिर राहायचंच. शेवटचे शिक्षक मुद्दाम शेवटी ठेवायचे ते यासाठी, बहुतेकदा तेच मागे राहिलेल्यासोबत असतात. प्रत्येकाजवळ कागदावर हॉटेलचं नाव, पत्ता आणि दोन शिक्षकांचे नंबर हवेत. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपलेली असते. आणीबाणीचा नंबर सगळीकडे ११२.

पॅरिसमध्ये मेट्रोचं नाविगो ईझी कार्ड प्रत्येकाला वेगळं लागतं, एका कार्डावर दोघं जात नाहीत. ४१ कार्डं पहिल्याच संध्याकाळी शिक्षकांनी जाऊन भरून आणा, सकाळी यंत्रासमोर रांग लावली की तास गेला. मोजणी दर वेळी फलाटावर उतरल्यावर आणि वर रस्त्यावर आल्यावर, तुकडीनिहाय. प्रत्येक मुलाला तुकडीतला क्रमांक द्या आणि त्यांनीच ओळीने म्हणायचा, ४१ डोकी एकट्याने मोजण्यापेक्षा हे फार भराभर होतं.

आणि इटलीचे संप. तिथे संप आधी जाहीर होतो, निघण्यापूर्वी आठवडाभर बातमी बघत राहा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ प्रादेशिक गाड्या चालवाव्या लागतात. लांब पल्ल्याच्या काही गाड्या हमखास सुटणाऱ्या म्हणून ठरलेल्या असतात, त्यांची यादी रेल्वेच्या संकेतस्थळावर मिळते. फ्लोरेन्स–रोमचं गटतिकीट काढतानाच त्या यादीतली गाडी निवडा, वेळ थोडी गैरसोयीची असली तरी. रोमच्या शेवटच्या दिवशी तेर्मिनी या मुख्य स्टेशनवरून फ्युमिचिनो विमानतळाला जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत जाते, पण माणशी १४ युरोने ४१ जणांचे ५७४ होतात. त्या एका फेरीसाठी हॉटेलच्या दारातून स्थानिक कोचचा दर मागवून बघा आणि संपाच्या भीतीने तोच आधी ठरवून टाका.