मदत हवी आहे: चाळ पाडली, आई कांदिवलीत भाड्याने; केवायसीसाठी बँकेला कुठला पत्ता द्यायचा?

नमस्कार मंडळी,

आईच्या (वय ७६) बचत खात्याची केवायसी अद्ययावत करा, असा बँकेचा मेसेज आला आहे. मुदत गेल्या महिन्यातच उलटलीय म्हणे. खातं गिरगावच्या शाखेत आहे. बाबा पोस्टात होते, त्यांची फॅमिली पेन्शन याच खात्यात येते. खातं अडकलं की आईचं औषधपाणी अडकलं, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

घोळ पत्त्याचा आहे. आमची चाळ पुनर्विकासाला गेली. आता तिथे चारही बाजूंनी निळे पत्रे आणि आत खड्डा. बिल्डर भाडं देतो, त्यावर आई आणि मी कांदिवलीत राहतो. आईच्या आधारवर आणि मतदार कार्डावर अजून गिरगावचाच पत्ता. कांदिवलीत तिच्या नावावर कागदाचं चिटोरंसुद्धा नाही. लाइट बिल घरमालकाच्या नावावर, लिव्ह अँड लायसन्सचा करार माझ्या नावावर, आणि गॅस सिलिंडरचा असल्यामुळे पाइप गॅसचं बिलही नाही.

शाखेत गेले तर काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "जिथे राहता तिथलं आधार आणा." म्हटलं, बिल्डिंग झाली की परत इथेच यायचंय. तर म्हणे, "मग तेव्हा परत बदला." झालं, पुढचा नंबर! रांगेतल्या एका गृहस्थांनी कानात सल्ला दिला, की पत्ता बदललाय हे सांगूच नका, जुन्या आधारची झेरॉक्स लावा आणि मोकळ्या व्हा. ते मला पटत नाही. आईचं चेकबुक त्या पत्र्यांपर्यंत जाऊन परत गेलंय. उद्या एटीएम कार्डही तसंच जाईल.

आणि आई तर आधारला हात लावू देत नाही. "गिरगावचा पत्ता गेला की खोली गेली," हे तिचं ठाम मत. चाळीतल्या झाडून सगळ्या काकवांचंही तेच.

तर आधार न बदलता केवायसी होते का? रेशन कार्ड चालेल का? आईला गुडघ्यांमुळे कांदिवलीहून गिरगावला नेणं म्हणजे अख्खा दिवस आणि टॅक्सी, ते टळेल का? कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

निवृत्त कॅशियर:
ताई, उभा जन्म काउंटरच्या पलीकडे गेला, त्यामुळे मॅडमची बाजूही कळते. पण त्यांनी तुम्हाला अर्धंच सांगितलं.

आधी मुदतीचं, म्हणजे रात्री झोप लागेल. साध्या पेन्शनरचं खातं सहसा कमी जोखमीचं धरतात, त्याची केवायसी दर १० वर्षांनी. मध्यम जोखीम असेल तर ८, जास्त असेल तर २. रिझर्व्ह बँकेने १२ जून २०२५ ला नियमात बदल केला. त्यानुसार कमी जोखमीच्या व्यक्तिगत खात्याची केवायसी राहिली असली तरी मुदत उलटल्यापासून एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यातलं जे नंतरचं असेल, तोपर्यंत सगळे व्यवहार चालू ठेवायचे आहेत. शिवाय मुदतीआधी निदान तीन सूचना आणि नंतर निदान तीन आठवणी, दोन्ही वेळी त्यातलं एक तरी पत्र टपालाने. तुमची पत्रं बहुधा त्या निळ्या पत्र्यांनीच वाचली.

आता पत्ता. पॅन, फोटो, नाव सगळं तेच असेल आणि फक्त पत्ता बदलला असेल, तर ग्राहकाने नव्या पत्त्याचं स्वघोषणापत्र द्यायचं. नोंदवलेल्या मोबाइलवरून, ईमेलवरून, नेट बँकिंगमधून किंवा साध्या पत्राने चालतं. मग तो पत्ता दोन महिन्यांत तपासून घ्यायचं काम बँकेचं. ते तिथे पत्र पाठवतील नाहीतर माणूस पाठवतील. पत्त्याचा पुरावा मागायची मुभा बँकेला आहे, पण तशी अट त्यांच्या केवायसी धोरणात स्पष्ट लिहिलेली हवी. तेव्हा मॅडमना गोडीत विचारा, "धोरणात कुठे लिहिलंय ते दाखवता का?" आवाज चढवू नका, त्याने काम होत नाही. मी सांगतो ना!

दुसरी वाट म्हणजे आधारची ई-केवायसी, म्हणजे मशीनवर अंगठा लावून ओळख पटवणं. त्यात आधारवरचा पत्ता एक आणि राहता पत्ता दुसरा असला, तर राहत्या पत्त्याची स्वघोषणा देता येते. म्हणजे तुमच्यासारख्यांचा विचार नियमात आधीच केलेला आहे. शाखेत तो कोणी उघडून बघत नाही, एवढंच.

रेशन कार्ड विसरा. पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, आधार, मतदार ओळखपत्र, नरेगाचं जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचं पत्र, एवढेच कागद ग्राह्य. त्यांच्यावर नवा पत्ता नसेल तर दोन महिन्यांच्या आतलं लाइट, पाणी, पाइप गॅस किंवा पोस्टपेड मोबाइलचं बिल, नाहीतर मालमत्ता कराची पावती तात्पुरती चालते, पण मग तीन महिन्यांत नव्या पत्त्याचं मूळ ओळखपत्र द्यावं लागतं. त्या फंदात तुम्ही पडूच नका.

आणि गिरगावला जायचं कारण नाही. केवायसी बँकेच्या कुठल्याही शाखेत होते. कांदिवलीची गाठा.

चाफेकळी:
बँक अगदीच अडून बसली तर एक मार्ग आहे. तुझा नोंदणीकृत करार दाखवून आधी तुझ्या आधारवर कांदिवलीचा पत्ता करून घे. मग कुटुंबप्रमुख म्हणून तू संमती दिलीस की आईचा पत्ता ऑनलाइन बदलतो. २०२३ पासून ही सोय आहे. सासूबाईंचं आम्ही नवऱ्याच्या आधारवरून असंच केलं. फक्त आईचा मोबाइल आधारला जोडलेला हवा, नाहीतर ओटीपी येणार कुठे?

काळा कोट:
काकवांच्या भीतीबद्दल. आधारवरच्या पत्त्याने खोली मिळतही नाही आणि जातही नाही. तुमचा हक्क भाडेपावत्यांवर, म्हाडाने प्रमाणित केलेल्या भाडेकरूंच्या यादीवर (चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत असेल तर) आणि बिल्डरशी झालेल्या पर्यायी जागेच्या करारावर उभा आहे. आईंना सांगा, आधार जपायचं तेवढं जपा, पण भाडेपावत्यांची फाइल आधी बँकेच्या लॉकरमध्ये टाका. अशा चाळींमधल्या बहुतेक घरांत ती फाइल माळ्यावर ट्रंकेत असते आणि जागा सोडताना नेमकी ट्रंकच भंगारवाल्याकडे जाते.

पश्चिम रेल्वे:
मेसेज बँकेचाच होता याची खात्री केलीत ना? "आज रात्री खातं बंद होईल" म्हणत व्हॉट्सअॅपवर एपीके (फोनमध्ये अॅप बसवणारी) फाइल येते, ती उघडली की फोन त्यांच्या ताब्यात. आमच्या सोसायटीत एका आजोबांना याने गाठलं. लिंक दाबू नका, बँकेच्या वेबसाइटचा पत्ता डॉट बँक डॉट इनवर संपतो का ते बघा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार! मेसेज खरा आहे, शाखेतही तेच म्हणाले. काका, दोन शंका. आईचे अंगठे मशीनवर उमटतच नाहीत, आयुष्यभर भांडी घासून रेषा गेल्यात. आणि कांदिवलीची शाखा स्टेशनजवळ असली तरी पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही.

निवृत्त कॅशियर:
अंगठा उमटत नाही म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. म्हातारपणामुळे बायोमेट्रिक जमत नसेल तर आधारच्या ऑफलाइन पडताळणीवर किंवा ओळखपत्रावर केवायसी करायची असते. आणि वय ७० च्या वर असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकाचा हवाला द्या. ७० वर्षांवरच्यांना केवायसीचे कागद आणि हयातीचा दाखला घरून देता यावा, अशी सोय करायला बँकांना त्यात सांगितलंय. शाखेत "डोअरस्टेप" म्हणा, लगेच कळतं.

अर्ज असा लिहा: "मी आपल्या गिरगाव शाखेची खातेदार. माझ्या केवायसीच्या माहितीत सध्याच्या पत्त्याखेरीज काहीही बदल नाही. इमारतीच्या पुनर्विकासामुळे मी सध्या खालील पत्त्यावर राहते. माझा कायमचा पत्ता गिरगावचाच ठेवावा व सर्व पत्रव्यवहार खालील पत्त्यावर करावा." खाली पत्ता, तारीख, आईची सही. फॉर्मवर कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता असे दोन वेगळे रकाने असतात. बरेच जण दोन्हीकडे एकच लिहितात आणि नंतर बोंब मारतात. सोबत तुमच्या कराराची प्रत जोडा. आईच्या नावावर नसली तरी बघणाऱ्याला चित्र स्पष्ट होतं. आधारची झेरॉक्स पहिले आठ आकडे झाकलेली, आणि तिच्यावर आडवं "फक्त केवायसीसाठी", तारीख, सही.

सगळ्याची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर तारखेसकट पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. नाही म्हणाले तर "नाही" लेखी मागा. निम्मी कामं तिथेच होतात. तरीही अडले तर बँकेच्या तक्रार कक्षाला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार. फुकट आहे, वकील लागत नाही (काळा कोट, रागावू नका). चौकशीसाठी १४४४८.

धागाकर्ती:
अर्ज लिहून काढला, आईने सहीही केली. कायमचा पत्ता गिरगावच राहणार म्हटल्यावर तिची काही हरकत नाही! डोअरस्टेपसाठी फोन करते. केवायसी झाली की नोव्हेंबरातला हयातीचा दाखला वेगळा द्यावा लागतो का?

निवृत्त कॅशियर:
वेगळाच. केवायसी खात्याची, दाखला पेन्शनचा. अंगठ्यांचं म्हणालात तर जीवन प्रमाणमध्ये (हयातीच्या डिजिटल दाखल्याची सरकारी सोय) आता घरच्या फोनवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, फक्त आईंना उजेडाकडे तोंड करून बसवा आणि चष्मा काढायला सांगा.